पिवळी मासोळी

लॅबवाल्यांना पिवळा रंग दिसला की राहवत नसे. आता माणसाला एखादी खोड असते, ती असते. कुणी रस्त्यात भेटलं की आधी त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग बघायचा, मग नखं बघायची, आणि मग "काय, कसं काय?" विचारायचं. उभी हयात दवाखान्याच्या मागच्या खोलीत रक्त-लघवी तपासण्यात गेलेली, दुसरं काय होणार! एकदा भर गिऱ्हाइकांत त्यांनी कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगितलं, "शेटजी, डोळे पिवळे दिसतायत, तपासून घ्या." शेटजी आधी खवळले, मग तपासायला गेले, आणि खरंच कावीळ निघाली. झालं! तेव्हापासून गल्लीत त्यांचा शब्द म्हणजे रिपोर्ट. त्यांचं खरं नाव बायको सोडून कुणाला आठवत नसेल, आणि तीही त्यांना "अहो" म्हणायची.

निवृत्त झाल्यावर नजर स्वस्थ बसेना. बायकोचं सर्दीपडसं, शेजाऱ्यांचं पोट, कुत्र्याची खरूज, काहीही चालायचं. "एक आजारी पडला की पहिलं काम, त्याला वेगळा काढा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोला ताप आला की तिचं ताट, वाटी, टॉवेल वेगळं. ती म्हणायची, "अहो, मला पण माळ्यावर ठेवा एकदा, लेबल चिकटवून." ते हसायचेही नाहीत. लेबलाची थट्टा त्यांना खपत नसे.

तर अशा माणसाच्या ताब्यात त्यांच्या मुलीनं, गोटीनं, आपली माशांची टाकी दिली होती.

गोटी लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून गोटी. आता चांगली उंच, सडसडीत, नोकरी करणारी बाई, पण घरात नाव तेच राहिलं. लग्नानंतर तिनं हा माशांचा नाद लावून घेतला. साधे मासे नव्हेत. बुटके सिक्लिड म्हणून एक जात असते, बोटाएवढे मासे, पण रुबाब केवढा! तिच्याकडे एक जोडी होती. नर मोठा, लांब झुलत्या परांचा, शेपटीला केशरी ठिपके. त्याला ती "साहेब" म्हणायची. मादी त्याच्या निम्मी, राखाडी, दिसायला अगदी साधी. ती "बाई". सोबतीला लाल-निळ्या चिमुकल्या माशांचा एक घोळका. गोटीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाण्याच्या बादल्या उचलायच्या नाहीत. म्हणून टाकी बाबांच्या पुढच्या खोलीत आली, खिडकीशेजारच्या टेबलावर.

टाकी बसवताना गोटीनं सगळं समजावून सांगितलं. पाणी कसं बदलायचं, किती बदलायचं, आत पालथ्या ठेवलेल्या फुटक्या कुंडीच्या तुकड्याला हात का लावायचा नाही, बाई कधी काय करते. लॅबवाले पेपर वाचत होते. "हो हो," म्हणाले. "अगं, आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सांभाळले, मासे काय मोठे!" गोटी पोटावर हात ठेवून हसली होती. पाचवा महिना लागत होता तिला.

तो महिना पुरा झाला नाही.

फोन जावयाचा आला. बायको लगेच बॅग भरून लेकीकडे गेली. लॅबवाले मागे राहिले, घर आणि टाकी बघायला. दुसऱ्या दिवशी गोटीशी बोलणं झालं. आता अशा वेळी माणसाला काय बोलावं सुचत नाही, आणि ज्याला सुचत नाही त्यानं गप्प बसावं. पण लॅबवाल्यांना गप्प कुठलं बसवतंय! ते म्हणाले, "होईल गं परत. वय काय पळून चाललंय का तुझं? असं होतं पुष्कळांना. मी काय कमी रिपोर्ट बघितलेत?"

पलीकडून गोटी म्हणाली, "हो बाबा." आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर ती बाबांशी बोलली नाही. रागावली नव्हती, बोलणंच होत नव्हतं. फोन आईच करायची. गोटी जेवते का? जेवते थोडं. झोपते का? झोपते. रडली का? नाही रडली, एकदाही नाही. लॅबवाल्यांना वाटलं, चला, सावरतेय पोर. समजूत घातली ती कामी आली. माणूस स्वतःला किती सहज फसवतो बघा.

आणि एका सकाळी त्यांनी टाकीचा दिवा लावला, तर बाई पिवळी.

पिवळी म्हणजे साधी नाही, पिवळीजर्द. कडेला काळ्या रेघा, डोळ्यांवरून काळा पट्टा. काल-परवापर्यंत राखाडी असलेली मासोळी! लॅबवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पोट आत गेलेलं. खाणं टाकलं तरी वर आली नाही. कुंडीच्या तुकड्याखाली शिरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. जो जवळ येईल त्याच्यावर झडप घालायची. साहेबांचे झुलते पर फाटून चिंध्या झालेले, आणि ते बिचारे पाण्याच्या पंपामागे अंग चोरून उभे. लॅबवाल्यांनी मनातल्या मनात रिपोर्ट लिहून टाकला. रंग पिवळा, भूक नाही, चिडचिड. आणखी काय पुरावा पाहिजे? कावीळ!

मग काय, अंगात उत्साह संचारला. स्वयंपाकघरातली मोठी काचेची बरणी कढत पाण्यानं धुतली, त्यात टाकीतलंच पाणी घातलं, चिमूटभर मीठ, दुकानातून आणलेलं निळं औषध. जाळीनं बाईला पकडताना जरा मारामारी झाली. ती जाळीवर धावून आली, चक्क चावायला. "आजारी माणूस असाच करतो," असं म्हणत त्यांनी तिला बरणीत सोडली आणि बरणीवर पट्टी चिकटवून तारीख घातली. सवय!

बरणी त्यांनी टाकीला लागूनच ठेवली. एकटं वाटू नये तिला, इतकं कळत होतं त्यांना. तर ती दिवसभर टाकीच्या बाजूच्या काचेवर तोंड आपटत राहिली. थांबायचीच नाही. आपटायची, मागे जायची, पुन्हा आपटायची. लॅबवाले म्हणाले, "अगं बाई, जरा दम धर. बरी झालीस की सोडतो."

इकडे टाकीत आनंदीआनंद. साहेब पंपामागून बाहेर आले. लाल-निळा घोळका कुंडीच्या तुकड्याखाली जमला आणि वरच्या बाजूला टोच्या मारून काहीतरी मजेत खायला लागला. साहेबही त्यात घुसले. लॅबवाल्यांनी बायकोला फोन करून सांगितलं, "एकीला जरा बरं नव्हतं, वेगळी काढलीय. बाकीचे आता कसे मनसोक्त खातायत!" बायकोला माशांतलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही पण खा काहीतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कुंडीचा तुकडाही बाहेर काढला. रोग्याची जागा, साफ नको करायला? आतल्या बाजूला छताला थोडे लालसर दाणे चिकटलेले होते, मोहरीहून बारीक. त्यांनी जुना टूथब्रश घेतला आणि नळाखाली खसाखसा घासून तुकडा लख्ख केला, आणि परत टाकीत ठेवला.

बाईचा पिवळा रंग उतरत गेला. पुन्हा राखाडी झाली. काचेवर तोंड आपटणंही थांबलं, तळाशी जाऊन नुसती बसायला लागली. लॅबवाले खूष! आपल्या हाताला गुण आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. आता कुणाला तरी सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी फोन वाजला तर पलीकडे गोटी. आई नव्हे, गोटी स्वतः. लॅबवाले बसले होते ते उठून उभेच राहिले.

"बाबा, आई म्हणाली कुणाला तरी बरं नव्हतं?"

"अगं काही नाही, ते मी..."

"बाई कशी आहे? पिवळी पडलीय का ती?" गोटीचा आवाज वेगळाच होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या आवाजात जीव होता. "तुम्हाला सांगितलं होतं ना मी? अंडी घातली की ती पिवळीजर्द होते. काही खात नाही, कुंडीखालून हलत नाही, साहेबांना सुद्धा जवळ येऊ देत नाही. बाबा, झालीय का पिवळी?"

पेपर, पेपरमागून म्हटलेलं "हो हो", सगळं लॅबवाल्यांना एकदम आठवलं. छताला चिकटलेले ते लाल दाणे आठवले. टूथब्रश तिथंच, बेसिनवर होता. ती रोगी नव्हती. बाळंतीण होती. आणि तिला तिच्या पिल्लांपासून ओढून, बरणीत घालून, वर तारीख चिकटवून, ती तोंड आपटत असताना तिच्यासमोर बाकीच्यांना तिची अंडी खायला घातली आपण. आणि "मनसोक्त खातायत" म्हणून कौतुक केलं!

"बाबा?"

"हो," लॅबवाले म्हणाले. "झालीय की. पिवळीधमक झालीय."

आता हे खोटं त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. पण त्या आवाजाला "नाही" कसं म्हणायचं?

"खरं?" गोटी म्हणाली. "मग कुणी हात लावू नका हं तिला. आई, ऐकलंस का? बाई पिवळी झाली! बाबा, आम्ही येतो शनिवारी. मला बघायचीत पिल्लं."

फोन ठेवल्यावर लॅबवाल्यांनी दिवस मोजले. शनिवार म्हणजे परवा. आयुष्यात त्यांनी कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. एकदा डॉक्टरांनी डोळे वटारले होते तरी दिला नव्हता. आणि दिला तो असा, स्वतःच्या लेकीला.

बाईला त्यांनी त्याच क्षणी टाकीत सोडलं. ती सरळ कुंडीखाली गेली. छताजवळ गेली, वळली, पुन्हा छताजवळ. लख्ख धुतलेल्या त्या खापराखाली ती शोधत राहिली आणि लॅबवाले बघत राहिले. "चुकलो गं," ते तिला म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. घरात होतंच कोण ऐकायला.

सकाळी ते माशांच्या दुकानात गेले. दुकानदार जाळीनं बादल्या साफ करत होता. लॅबवाल्यांनी सगळं नाही सांगितलं, अंडी गेली एवढंच सांगितलं. कशी गेली ते सांगायला जीभ रेटली नाही. दुकानदार हसून म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं! घालेल परत. तरणी मादी आहे. असं होतं पुष्कळदा."

लॅबवाले जागच्या जागी उभे राहिले. बोल तेच होते. त्यांचेच होते. फक्त आता समोरून आले होते, आणि आत कुठेतरी असे लागले की त्यांना काउंटर धरावा लागला. काल संध्याकाळपासून ती मासोळी खापर हुंगत होती, आणि हा हसून सांगतोय, घालेल परत. मग गोटीला काय वाटलं असेल? "हो बाबा," एवढंच म्हणाली होती पोर.

"बरं नाही वाटत का?" दुकानदारानं विचारलं. आणि काहीतरी द्यायचं म्हणून पाण्यानं भरलेली एक पिशवी हातात दिली. आत बारीक बारीक किडे उड्या मारत होते. "पाणपिसवा आहेत. जिवंत खाणं. टाका, जरा अंग धरेल तिचं."

घरी येऊन त्यांनी पाणपिसवा टाकीत सोडल्या. साहेब आणि लाल-निळा घोळका तुटून पडला. बाई मात्र कुंडीच्या तोंडाशी थबकली. तिच्या भोवती त्या बारीक ठिपक्यांचा एक पुंजका तरंगत होता, टुकटुक हलत होता. ती एकटक बघत राहिली. एकही खाल्ला नाही. मग ती पुढे झाली, घोळक्याला हुसकावलं, साहेबांच्या अंगावर धावून गेली, आणि परत येऊन त्या पुंजक्याच्या खाली उभी राहिली. लॅबवाल्यांच्या डोळ्यांदेखत तिच्या कडांना पिवळा रंग चढायला लागला.

क्षणभर त्यांना वाटलं, चमत्कार झाला, एखादं पिल्लू वाचलं असणार! धावत भिंग आणलं. काचेला नाक लावून बघितलं. पिल्लू नव्हतं. सगळ्या पाणपिसवाच होत्या, गोल, लोंबत्या, लुटुलुटु पाय मारणाऱ्या. बाई त्यांनाच घेऊन बसली होती. कुणी दूर गेली की तिच्या मागे जाऊन तिला परत पुंजक्यात आणायला बघत होती. पाणपिसू काय, तिला कुठं कळतंय! ती आपली भलतीकडेच उड्या मारायची.

लॅबवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. एवढा मोठा बाप्या, टेबलावर डोकं टेकून रडला.

शनिवारी दुपारी टॅक्सी थांबली. आधी बायको उतरली, पिशव्या सांभाळत, मग गोटी. किती वाळली होती! लॅबवाल्यांनी ठरवलं होतं, दारातच सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण गोटी चप्पल काढता काढताच खिडकीकडे वळली आणि तिला पिवळा रंग दिसला.

"बाबा!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. ते उजळणं बघून लॅबवाल्यांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

बायको टाकीपाशी वाकली. "अगंबाई! किती गं ही पिल्लं! केवढीशी, चिमुकली!"

गोटी गुडघ्यांवर बसली. काचेजवळ तोंड नेलं. बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, बरणीत बाईचा रंग उतरला होता अगदी तसं.

"ही पिल्लं नाहीत आई," ती म्हणाली. "पाणपिसवा आहेत. खाणं आहे तिचं." मग म्हणाली, "करतात असं त्या. मी वाचलं होतं. स्वतःची गेली ना, की जे काही छोटं हलताना दिसेल ते आपलं म्हणतात."

मग तिनं मान वर केली.

"बाबा, हिची अंडी कुठं गेली?"

जुळवलेलं वाक्य पार विसरलं. लॅबवाल्यांनी आहे तसं सांगितलं. कावीळ, बरणी, मीठ, निळं औषध, पट्टीवरची तारीख, टूथब्रश. काही गाळलं नाही. "कावीळ?" असं म्हणून बायकोला हसू फुटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं तोंडाला पदर लावला. गोटी हसली नाही.

"आणि मला फोनवर पिवळीधमक सांगितलंत."

"तुझा आवाज ऐकला आणि... इतक्या दिवसांनी तू नीट बोलत होतीस गं. माझ्यानं नाही सांगवलं."

"आता म्हणा, घालेल परत."

"नाही म्हणणार." लॅबवाले म्हणाले. "दुकानदार म्हणाला मला तसं. तेव्हा कळलं, मी तुला काय बोललो होतो. गोटे, चुकलं माझं. अंड्यांचं चुकलं ते चुकलंच, पण ते बोलणं त्याहून चुकलं. मी तुला काही विचारलंसुद्धा नाही. रिपोर्ट सांगतात तसा सांगून मोकळा झालो."

आणि मग गोटी रडायला लागली, तिथंच, टाकीसमोर, गुडघ्यांवर बसून. आई पुढे झाली तर लॅबवाल्यांनी तिला हातानं थांबवलं, आणि सांधे दुखत असतानाही खाली बसले, लेकीच्या शेजारी. पाठीवर हात ठेवला. "पुरे" म्हणाले नाहीत, "शांत हो" म्हणाले नाहीत. हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

पाणपिसवा कमी कमी होत होत्या. साहेब संधी साधून एखादी गट्ट करत होते, आणि बाईची त्यांच्यावर धावून जाता जाता तारांबळ उडत होती. लॅबवाल्यांना ते बघवेना. त्यांनी टेबलावरच्या जाळीकडे हात नेला. निदान उरलेल्या काढून तरी टाकाव्यात, संपू दे एकदाचं.

गोटीनं त्यांचं मनगट धरलं. "नका काढू. एकदा काढून झालंय ना? आपोआप सरतील त्या. तोवर असू देत तिच्याजवळ."

त्यांनी जाळी ठेवून दिली. बायको आत जाऊन चहाचं आधण ठेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग लॅबवाल्यांनी, काचेकडे बघतच, खालच्या आवाजात विचारलं, "काय होतं गं आपल्याला?"

"मुलगी होती बाबा," गोटी म्हणाली. नाक पुसलं. "नाव पण ठेवलं आम्ही. नंतर ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, आईला पण नाही. वाटलं, हसतील सगळे."

"मला सांगशील?"

तिनं सांगितलं. लॅबवाल्यांनी ते नाव हळूच उच्चारून बघितलं, आणि बरोबर म्हटलं ना, असं तिलाच विचारलं.